पडवीला मोटर

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार, खुशाली, विचारपूस हे सगळं झालं असं धरून चाल. सहा वर्षांनी लिहितेय तर मुद्द्याचं लिहिते. अक्षर जरा मोठं वाटेल. हल्ली मला मोठं अक्षर आवडतं.

रागवायचं असेल तर आधीच रागावून घे, कारण मी चुगली करायला बसले आहे. तुझी लेक ठिणगी तुला सांगते की ती कुठल्याशा ऑफिसात कामाला आहे, खुर्ची गोल फिरते, खिडकीतून झाड दिसतं. सगळ्या थापा. ती चार महिन्यांपासून इथे माझ्याकडे आहे, आपल्या वर्कशॉपमध्ये, तुझ्याच टेबलाशी. तुझा निळा डगला बाह्या दोनदा दुमडून घालते आणि पाना हवा असला की न बघता हात मागे करते, तू करायचास तसा. पहिल्यांदा तिने तसं केलं तेव्हा मी शिवणाच्या मशीनवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. हे गेल्यावर दोन वर्षं मी एकटीच होते, त्यामुळे हल्ली मला कशानेही भरून येतं. त्यात विशेष काही समजू नकोस.

ती का आलीय ते ऐक. तुझी घरगाडी, ते चाकांवरचं घर, मागच्या भिंतीशी उभी आहे, तू सोडून गेलास तिथेच. ठिणगीने तिचं इंजिन सुरू केलं, टायर बदलले, आतली फळकुटं घासून चकचकीत केली. आता राहिली पडवी. गाडीच्या कुशीला गुंडाळलेल्या त्या कापडी छताला बाहेरचे लोक काहीही म्हणोत, तू पहिल्या दिवशी पडवी म्हणालास आणि आपल्याकडे ती पडवीच राहिली. ती उघडायची म्हणजे आकडीच्या काठीने रोलर ओढा, दोन्ही दांडे वर सरकवा, दोन्हीकडच्या चाव्या पिळा. दोन धडधाकट हात लागतात, आणि तुझ्या उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट राहिलंय. म्हणून ती जुने दांडे काढून मोटरवाले बसवतेय. आत दारापाशी बटण असेल. "बाबांनी एका बोटाने दाबायचं आणि खाली खुर्ची टाकून बसायचं," म्हणते. महिनाअखेर गाडी घेऊन तुझ्या दारात येऊन उभी राहणार आहे. तुला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली होती. दुसऱ्यांची गुपितं माझ्या पोटात राहत नाहीत हे तिला कोणी सांगितलं नसावं.

जुने दांडे काढायचे म्हणजे आधी रोलरच्या दोन्ही टोकांतल्या स्प्रिंगा पिनेने अडकवून ठेवायच्या, नाहीतर बोल्ट सुटताच स्प्रिंग झटक्यात उलगडते आणि दांडा हातावर येतो. इथपर्यंत आलास की तू पत्र खाली ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेवू नकोस. ती पिनेला हात लावणार नाही. पिना मी घालणार आहे, तिचाच तसा हट्ट आहे. तुझ्या बोटांचं झालं त्या दिवशी मी आत मशीनवर होते, नाहीतर तेव्हाही मीच लक्ष घातलं असतं.

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मी लिहीनच.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

खोकं आलं. माणसाच्या उंचीचं आहे, आडवं ठेवलं तर दार अडतं, उभं ठेवलं तर कोणीतरी भिंतीला टेकून उभं आहे असं वाटतं. मी दोनदा त्याला "बसा" म्हणाले. ठिणगी हसून हसून खाली बसली.

आत दोन दांडे. एकाच्या डोक्यात मोटर आहे आणि दोघांच्याही पोटात गॅसचे दट्टे. दट्ट्या दांड्याला सारखा बाहेर ढकलत असतो, म्हणून कारखान्यातून ते पिवळ्या पट्ट्याने करकचून बांधून येतात. गाडीला पक्के बसेपर्यंत पट्टा कापायचा नाही. पट्ट्यावर तुटलेल्या बोटांचं चित्र आहे. तिने ते चित्र बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हे बरं आहे, हे निदान आधी सांगतात."

मी नवं कापड शिवतेय, करड्या रंगाचं, कडेला पांढरी पट्टी. तुला आवडेल. आवडलं नाही तरी बसशील त्याच्याखाली.

तुला एक विचारायचं आहे. ठिणगी लहानपणापासूनच अशी आहे का, की आता झाली? दार लावते आणि परत जाऊन बघते. पाण्याचा नळ बंद करते आणि अर्ध्या जिन्यातून मागे येते. मी थट्टा केली, म्हटलं, नळ काय पळून जाणार आहे? तर म्हणाली, "बाबांच्यात आहे ते माझ्यातही असणार, आत्या. त्यांनी वीस वर्षं पिना बरोबर घातल्या आणि एक दिवस भलत्याच भोकात घातली. आणि आपण बरोबर घातली असं त्यांना छातीठोक वाटत होतं. तेच भयंकर आहे. उद्या मलाही वाटेल. म्हणून पिना तू घाल, तुझा हात कधी चुकत नाही."

मी दोरा ओवत होते, ओवत राहिले.

भोकांचं म्हणते ते तुला सांगायला नको. रोलरच्या टोपीला दोन भोकं, एकमेकांना लागून. एकातून गेलेली पिन आतल्या दांडीला अडवते आणि स्प्रिंग जागच्या जागी राहते. दुसरं नुसतं टोपीपुरतं, त्यातली पिन कशालाच अडवत नाही. पण पिन दोन्हींत सारखीच जाते आणि तिची लाल चिंधी दोन्हींतून सारखीच लोंबते. ज्याने पिन घातली त्यानेच काढायची, दुसऱ्याने बोट लावायचं नाही, हा तुझा नियम तिने खडूने भिंतीवर लिहिलाय. बरोबर माझ्या मशीनसमोर लिहिलाय. दिवसभर मी त्याच्याकडे तोंड करून बसते.

आणि हो, मागच्या पत्रात मी आत मशीनवर होते असं लिहिलं. अगदी आत नव्हते. तू चहाला गेला होतास तेव्हा कापड घेऊन बाहेर आले होते. एवढंच. नीट लिहिलेलं बरं म्हणून लिहिलं.

तुझी धाकटी


१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. दोनच शब्द. "तिला थांबव." सहा वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द, आणि डाव्या हाताने लिहिलेले, सगळे एका बाजूला कललेले. मी ते नाकाशी धरून वाचलं आणि कापडाच्या गठ्ठ्याखाली सारलं. ठिणगीला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बाबांना कळलं कसं, असं विचारून तिने माझं डोकं खाल्लं असतं.

थांबवायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाहेरच्या कारागिराला बोलावू. ती म्हणाली, "बाबांसाठीचं काम परक्याने करायचं?" म्हटलं, पडवीचं राहू दे, गाडी अशीच घेऊन जा, त्याला तू भेटलीस तरी पुरे. तर माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, तू घाबरतेस का? घाबरायचं मी, तू नाही. पिना तर तूच घालणार आहेस." आणि माझ्या गालाला ग्रीस लावून पळाली. चोवीस वर्षांची घोडी.

तिला थांबवायचा एकच मार्ग उरलाय आणि तो मला कधीपासून माहीत आहे. आता लिहिते. मध्ये खोडणार नाही.

त्या दिवशी तू दोन्ही पिना घातल्यास, बरोबर भोकांत, आणि चहाला गेलास. मला नवं कापड रोलरच्या खाचेत सरकवायचं होतं. खाच वरच्या अंगाला गेली होती, माझा हात पोचेना. पाव फेरा फिरला की ती समोर येणार होती. तुला हाक मारायची आणि थांबायचं, हा नियम. गिऱ्हाइकाची घाई होती असं मी स्वतःला सांगत आलेय. घाई कसली? मला कंटाळा आला होता. मी पुढच्या टोकाची पिन काढली, रोलर काखेत दाबून पाव फेरा फिरवला, कापड सरकवलं, फिरू नये म्हणून रोलरला दोरी गुंडाळली आणि पिन समोर आलेल्या भोकात घालून टाकली. चिंधी लोंबत होती. तू घातलेली पिन दिसते तशीच ती दिसत होती. तू आलास, तोंड पुसलंस, चिंधीकडे बघितलंस आणि दांड्याचा बोल्ट सोडलास. ती पिन तुझी होती. तिच्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस तर कोण ठेवणार?

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू म्हणालास, "मीच भलत्या भोकात घातली असणार. मला आठवतंय बरोबर घातल्याचं, पण माझ्या आठवण्याला काय अर्थ आहे?" मी पलंगाशी उभी होते. सांगायला तोंड उघडलं होतं. मग ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं असं इथे लिहिणार होते. गेलेला माणूस काही नाही म्हणायला येत नाही. पण ह्यांना काहीच माहीत नव्हतं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "जाऊ दे दादा, माणूस आहे, चुकतो." माझ्या चुकीबद्दल मी तुला माफ केलं. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. लोकांना वाटलं बहीण-भावाचं बिनसलं. मला हलकं वाटलं. तुझ्यासमोर उभं राहायचं टळलं. मग तू हत्यारं वाटून टाकलीस आणि पोरीला घेऊन गेलास, वहिनी गेल्यापासून मी वाढवलेल्या पोरीला. तेव्हा मी रडले ते स्वतःसाठी रडले.

आणि डोळे. तेही लिहून टाकते. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, डॉक्टर ऑपरेशन लांबवू नका म्हणतात. शिवण मी बोटांनी करते, टाके बोटांना कळतात, कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पण ती दोन भोकं मला दिसत नाहीत. काल ती सामान आणायला गेली तेव्हा सराव म्हणून जुन्या टोपीत पिन घालून बघितली. पाच वेळा घातली. बोटाला दोन्ही सारखीच लागतात.

सोमवारी काम आहे. सांगितलं तर मला ती पुन्हा दिसणार नाही. नाही सांगितलं तर तिचे दोन्ही हात माझ्या पिनेच्या भरवशावर आहेत. इतकं सोपं आहे आणि मी तीन दिवस त्याच्याभोवती घुटमळतेय.

हे पत्र पेटीत टाकेन की नाही ठाऊक नाही.


२३ फेब्रुवारी, सकाळ

दादा,

टाकलं नाही. पाकीट मशीनच्या खणात आहे.

हवा अगदी पडलीय, पानही हलत नाही. असा दिवस चांगला, कापड फडफडत नाही, असं तू म्हणायचास. तिने केस घट्ट बांधलेत आणि हातमोजे काढून ठेवलेत. हातमोज्यात बोल्ट कळत नाही म्हणते. शिडी लावून झाली. पुढच्या टोकाला ती उभी आहे, तुझ्या जागी. माझ्याकडे पाठ आहे आणि ती शीळ घालतेय.

काल जेवताना सांगायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "आत्या, उद्यानंतर ह्या गाडीला पिनेची गरजच नाही. स्प्रिंगा काढून टाकायच्या, मग सगळं मोटर बघेल." मला वाटलं, म्हणजे एकदाच. एकदा पिन बरोबर बसली की संपलं, कोणाला काही सांगायची गरज नाही. बघ मी कशी आहे.

हाक आली. "आत्या, पिना आण." जाते.


२४ फेब्रुवारी

दादा,

तिचे हात शाबूत आहेत. आधी एवढं वाच आणि श्वास घे.

मागच्या टोकाची पिन मी घातली. मग पुढच्या. बोटाने चाचपलं, भोक लागलं, शेजारचं लागलं, परत पहिलं लागलं. घाम बोटांवर उतरला. ती शिडीवर माझ्या डोक्याच्या वर होती. मी एका भोकात पिन ढकलली आणि चिंधी खाली सोडली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

तिने पाना बोल्टाला लावला. मग मान पुढे काढून तोंड दांड्याच्या जवळ नेलं, तुला किती वेळा ओरडले असेन त्यावरून. तेव्हा तिचा कान मला दिसला. बाकी सगळं धुरकट होतं, पण कान दिसला, आणि कानामागे लहानपणी पडली होती त्याची खूण.

"थांब," मी म्हटलं.

"आता काय गं?"

"पाना खाली ठेव. खाली उतर."

"आत्या, अर्धा फेरा झालाय."

"ठिणगे, उतर म्हटलं ना."

ती उतरली. चिडली नव्हती, हसतच होती. मला वाटतं, मी चहा विचारणार असं तिला वाटलं. मी सांगितलं. तुला खणातल्या पत्रात लिहिलंय तेवढं लांबलचक नाही. म्हटलं, तुझ्या बापाने पिन बरोबर घातली होती. ती मी काढली आणि मीच परत घातली, भलत्या भोकात. आणि आत्ता कुठल्या भोकात घातली ते मला ठाऊक नाही, कारण मला दिसत नाही.

तिने खिशातून बॅटरी काढली, शिडी चढली, टोपीत बघितलं.

"बरोबर आहे," म्हणाली. "आज बरोबर घातलीस."

दादा, पिन बरोबर होती. मी गप्प राहिले असते तर काहीच झालं नसतं. हे मी कालपासून शंभर वेळा मनात घोळवलं आणि प्रत्येक वेळी मला पहिल्यांदा वाटलं ते हेच की उगाच सांगितलं. तुझ्याशी आता तरी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते.

तिने पिन बाहेर ओढली, पुसली, स्वतः घातली, पकडीने दांडी हलवून बघितली. दोन्ही टोकांना तसंच केलं. मग जुने दांडे उतरवले, स्प्रिंगा काढल्या. दुपारपर्यंत नवे दांडे चढले, पट्टे कापले. संध्याकाळी हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा गॅस पाच-पाच वेळा बघतात. बाहेर पडलो की अर्ध्या रस्त्यातून परत येतात. मी रस्ता ओलांडताना अजून माझा दंड धरतात आणि मग म्हणतात, तूच बघ गं, माझ्यावर जाऊ नकोस. तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, नाही.

"बोटांचं काही नाही," ती म्हणाली. "बोटांची त्यांना सवय झाली."


२७ फेब्रुवारी, दुपार

दादा,

हे पाकीट पार्सलच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय, तो परवा सकाळी तुझ्या गावातून जातो, दारात नेऊन देईन म्हणालाय. आत आधीची पत्रंही आहेत, न टाकलेली. ती मागाहून वाच. हे मात्र उभ्या उभ्या वाच.

ठिणगी काल गेली. लांबच्या रस्त्याने, सावकाश, चार दिवस लागतील असं तिने कोपऱ्यावरच्या पंपवाल्याला सांगितलं. मला काही सांगितलं नाही. परवा पडवी बटणाने उघडून बघितली होती, दोनदा, सुरेख उघडली. काल सकाळी पाणी मारून बघितलं तर पुढचा दांडा गाडीला धरून ठेवणाऱ्या वरच्या ब्रॅकेटमागून ओल आत येत होती. तिने तिथले बोल्ट काढून माझ्या टेबलावर फडक्यावर ठेवले, भोकांत सिलिकॉन भरलं आणि सुकेपर्यंत आत जाऊन कपडे भरायला लागली. तेवढ्या वेळात मी टेबल आवरलं. तिच्या वाटेत येऊ नये, काहीतरी करत दिसावं म्हणून आवरलं. मग तिने येऊन बोल्ट लावले, कापड गुंडाळून घेतलं, गाडी काढली. बोल्ट लावताना डोळे पुसत होती.

आज मशीनखाली झाडताना दोन बोल्ट हाताला लागले, त्याच फडक्यात. आट्यांवर सिलिकॉनचा कणही नाही, म्हणजे ते परत भोकांत गेलेच नाहीत. खोक्यात जास्तीचे आले असतील तर ते असतील. खोक्यातला यादीचा कागद तिच्याबरोबर गेलाय, आणि असता तरी मला वाचता आला नसता. आवरताना मी ते फडकं उचललं का, त्यातले दोन सांडले का, मी ते नुसते बाजूला सारले का, हे कालचं सगळं मी आठवतेय. मला आठवतं की मी फडक्याला हात लावला नाही. अगदी लख्ख आठवतं. आणि तुला सांगते, माझ्या आठवण्याला काय अर्थ आहे?

तिचा फोन बंद आहे. तुला पंपवाल्याच्या फोनवरून लावला, तू माझा "दादा" ऐकून ठेवून दिलास. दुसऱ्यांदा उचललाच नाहीस. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

रस्त्यात ती पडवी उघडणार नाही. आता बाबाच उघडतील, असं दोन दिवसांपूर्वी म्हणाली होती. वेगाने गेली नाही तर दांडा चार दिवस धरून राहील, ब्रॅकेटला आणखीही बोल्ट आहेत. पण बटण दाबलं की दट्ट्या सगळा जोर लावून ढकलतो, कापडाचं ओझं त्याच ब्रॅकेटवर येतं, आणि खाली खुर्ची असणार. ती तुला हाताला धरून आणेल, बटणाशी उभं करेल. हे सगळं तिने तेवढ्यासाठी केलंय, तू एका बोटाने दाबावंस म्हणून.

दाबू नकोस. ती कितीही आनंदात असली तरी दाबू नकोस, आणि तिलाही दाबू देऊ नकोस. मी सांगितलं असं सांगितलंस तर ती मुद्दाम दाबेल, तेव्हा माझं नाव काढू नकोस. म्हण, मला आधी बघायचंय. शिडी लाव. वर चढ आणि ब्रॅकेटच्या मागे डावा हात घालून एकेक बोल्ट मोज, आणि एकदाच मोज. परत परत बघू नकोस. तू बघितलंस की झालं, दादा. तुझा हात त्या दिवशीही बरोबर होता.

तुझी धाकटी